टॅमसिन मावशीची शिल्लक शिवी

“शब्द तोंडातून बाहेर आला ना, मग तोंडातूनच परत आत गेला पाहिजे.”

टॅमसिन हेक्स्ट हे म्हणायची आणि भांडं पुढे करायची. भांडं जवाच्या बिअरने काठोकाठ भरलेलं असायचं. समोर दोन माणसं एकमेकांच्या नरड्याकडे बघत उभी असायची.

आमच्या थ्रशकूममध्ये गुत्ता एकच, तो टॅमसिन मावशीचा. ओढ्याच्या वरच्या अंगाला, चर्चच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. त्याचं छप्पर मी शाकारलेलं आहे, गव्हाच्या काडाचं, आणि अजून एक थेंब आत आलेला नाही. नवी बिअर उतरली की मावशी दारावरच्या लांब काठीला हिरवं झुडूप बांधायची. ते वाऱ्यावर हलायला लागलं की टेकडीवरचे मेंढपाळसुद्धा कुत्र्यांवर कळप सोपवून खाली यायचे.

तिचा नवरा ह्यू मुका नव्हता, पण मुक्यासारखाच राहायचा. तो गेला तेव्हा गुत्त्यात काही फरक पडला नाही; आधीही सगळं तीच बघत होती. अंगाने बारीक, हात मात्र लोहारासारखे. पिंपं स्वतः गडगडवत न्यायची. हसायची क्वचित. शिवी मात्र तिने उभ्या आयुष्यात कोणाला दिली नव्हती, आणि हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण गुत्त्यात उभी राहून शिवी न देणारं माणूस आम्ही दुसरं पाहिलेलं नव्हतं.

आमच्याकडे भांडण कशावरून पेटेल याचा नेम नसायचा. एकाने प्रेमाने पुढे केलेलं भांडं दुसऱ्याने न पिता बाकावर ठेवलं, तरी अपमान. खालच्या पेंढ्यावर ओतलं, तर त्याहून मोठा. दाढीला हात घातला की बाकं उलटी. शब्दांचीही उतरंड होती. ‘गाढवा’ म्हटलं तर कोणी मान वर करत नसे. ‘लबाडा’ म्हटलं तर उठून उभं राहायचं. ‘चोरा’ म्हटलं तर टोपी काढून शेजाऱ्याकडे द्यायची. आणि ‘तुझ्या कपाळाला शिंगं फुटलीत, कोणी लावली ते बायकोला विचार’ असं कोणी म्हटलं, म्हणजे बायको दुसऱ्याकडे जाते असं, की मग दोघांनी न बोलता दाराबाहेर जायचं.

मावशी हे सगळं ऐकायची, जसं कोणी कुंपणातल्या पाखरांचं ऐकतं तसं. कोणतं पाखरू नुसतं ओरडतंय आणि कोणतं घरट्यासाठी ओरडतंय, ते तिला कळायचं. डिगरी लोहार बाक आपटून आई-बापाचा उद्धार करत असला तर ती भांडी पुसत राहायची. पण अँब्रोझ विणकर हळू आवाजात, खाली बघून एखादा शब्द बोलला, की तिचा हात थांबायचा.

“डिगरीचं सोड,” ती मला एकदा म्हणाली. “त्याची शिवी म्हणजे भात्यातला वारा. अँब्रोझने तो शब्द घरून आणलाय. वाटेत घासत आणलाय.”

दोघांना एका भांड्यातून पाजायची रीत मावशीने घालून दिली, ती एक्सेटर शहरात शिकलेल्या गोष्टीवरून. तरुणपणी तिला तिथल्या चर्चच्या न्यायालयात साक्षीला नेलं होतं. दोन शेजारणींचा खटला. एकीने दुसरीला विहिरीवर काय म्हटलं, त्याचा. चालून चालून दोन्ही बायकांचे पाय सुजलेले. जी हरेल तिने रविवारी चर्चमध्ये पांढरी चादर पांघरून, हातात काठी घेऊन, सगळ्या गावापुढे माफी मागायची. न्यायाधीशाने टॅमसिनला बरंच काही विचारलं, आणि शेवटी विचारलं, त्यानंतर या दोघी कधी एकत्र बसून प्याल्या का? टॅमसिन म्हणाली, हो, मेंढ्या कातरायच्या वेळी एकाच भांड्यातून. न्यायाधीशाने लेखणी खाली ठेवली. एकत्र प्याल्या म्हणजे समेट झाला, खटला संपला, घरी जा.

“एवढी वाट तुडवली,” मावशी सांगायची, “आणि औषध आमच्याच पिंपात होतं.”

म्हणून तिच्या गुत्त्यात नियम असा: भांडं एक. बोलणाऱ्याने आधी प्यायचं, ज्याला बोललं त्याने मागून. मागच्याने प्यालं की शब्द मेला. पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही, न्यायालयात नाही आणि घरी बायकोपाशीही नाही.

एकदा डिगरीने अँब्रोझला सूतचोर म्हटलं. लोक विणायला सूत देतात त्यातलं थोडं विणकर मागे ठेवतो, असा त्याचा अर्थ, आणि विणकराला याहून वाईट शब्द नाही. डिगरी प्याला, अँब्रोझने भांडं तोंडाला लावलं. दुसऱ्या दिवशी अँब्रोझ म्हणतो, “मी प्यालोच नाही. नुसते ओठ भिजले. शब्द जिवंत आहे.”

मावशीने त्याच्याकडे बघितलंही नाही. “ओठ भिजले की प्यालास.”

“पण मावशी, घशाखाली—”

“शब्द घशातून आला होता का? ओठांतून आला. ओठ भिजले, संपलं.”

त्या दिवसापासून तोही नियम झाला. पुढे तोच तिच्यावर उलटला.

जर्व्हिस लस्कम हा गावातला मोठा शेतकरी. गायी पुष्कळ, आवाज मोठा, आणि बुद्धी चांगली असूनही घाईची. तो गुत्त्यात आला की बाकाच्या मधोमध बसायचा. त्या हिवाळ्यात एका दुपारी तो आला तो आधीच कुठेतरी पिऊन आलेला. त्याची तांबडी गाय सकाळी मेली होती. आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं, म्हणून कोणी त्याच्याशी थट्टा केली नाही. तो पीत राहिला. शेवटी त्याने भांडं पुढे केलं तेव्हा मावशीने पिंपाची तोटी बंद केली.

“आज पुरे, जर्व्हिस. घरी जा. विल्मट एकटी असेल.”

विल्मट त्याची बायको. तांबडी गाय तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेली.

जर्व्हिस उठला. त्याने भांड्यात उरलेला घोट सावकाश पेंढ्यावर ओतला. “मागे पण तू मला असंच हाकललंस,” तो म्हणाला, “आणि आज माझी गाय मेली. चांगली धडधाकट. संध्याकाळी रवंथ करत होती, सकाळी चारी पाय वर. कोणी केलं ते मला कळत नाही का? चेटकीण आहेस तू, टॅमसिन हेक्स्ट.”

तो हळू आवाजात बोलला. मावशीचा हात थांबलेला मी पाहिला.

डिगरीने भांडं उचललं, भरलं आणि त्याच्यापुढे धरलं. “पी जर्व्हिस. आणि मावशीला दे.”

“मी नाही प्यायचो,” जर्व्हिस म्हणाला, आणि दार उघडं टाकून गेला.

दुसऱ्यांच्या भांडणात भांडं पुढे करायला मावशी होती. तिच्या भांडणात ते कोणी करायचं, हे कधी ठरलंच नव्हतं.

तो शब्द गुत्त्यात राहिला नाही. आमच्या बायका भाकरीसाठी खमीर मावशीकडून नेत. बिअरवर जो जाड फेस येतो, तो वाडग्यात घेऊन जायचा, पिठात कालवायचा. थ्रशकूममधली प्रत्येक भाकरी मावशीच्या पिंपावर फुगलेली. तो शब्द निघाला आणि मागच्या दारी बायकांची रांग हळूहळू विरळ झाली. आधी विल्मट यायची थांबली. मग तिच्या शेजारणी. मग सगळ्याच. फेस पिंपावर येऊन सुकायला लागला, आणि गावात त्या महिन्यात दगडासारख्या भाकऱ्या भाजल्या गेल्या. पुरुष पीत राहिले, पण भांडं घेताना बोटांनी चोरून क्रूस काढणारा एखादा मी पाहिला.

मावशी मला म्हणाली, “हा शब्द एका घोटाने जाणारा नाही. मी एक्सेटरला जाते. तो चादर पांघरून चर्चमध्ये उभा राहिल्याशिवाय बायका परत यायच्या नाहीत. तू आणि डिगरी साक्षीला या.”

मला नवल वाटलं. एवढी माणसं जिने एका भांड्यातून पाजून घरी पाठवली, तिलाच आपल्या औषधाचा भरवसा उरला नव्हता. आम्ही येतो म्हणालो. वाटेवरचा चिखल वाळायची वाट बघायचं ठरलं.

ते जर्व्हिसच्या कानावर गेलं. चादर पांघरायच्या कल्पनेने तो घाबरला असणार, पण त्याने जे केलं ते हुशारीने केलं. मावशी नवं पिंप फोडायची तेव्हा पहिल्या भांड्यातला घोट स्वतः घ्यायची आणि मग ते भांडं पहिल्या गिऱ्हाइकाला द्यायची. नासकी बिअर मी कोणाला देत नाही, हे दाखवायला. पुढच्या वेळी काठीला हिरवं झुडूप चढलं, तेव्हा दाराशी सगळ्यांत आधी जर्व्हिस उभा होता. टोपी हातात, मान खाली.

मावशीने त्याच्याकडे बघितलं. समेटाला आला असं तिला वाटलं असेल. तिने भांडं भरलं, आणि हाताने सवयीने जे केलं ते केलं. ओठांना लावलं. मग त्याच्या हातात दिलं.

जर्व्हिसने ते एका दमात रिकामं केलं आणि टोपी डोक्यावर ठेवली. “पाहिलंत ना सगळ्यांनी? मी आणि मावशी एका भांड्यातून प्यालो. शब्द मेला. आता कसलं एक्सेटर?”



“तिने नुसते ओठ लावले,” मी म्हणालो.

अँब्रोझ कोपऱ्यातून म्हणाला, “ओठ भिजले की प्यालं. नियम तिचाच आहे. मला चांगला आठवतो.”

मावशीने हात पुसले. आधी एक, मग दुसरा. तिचा चेहरा पांढरा झाला होता, पण आवाज रोजचाच.

“बरोबर आहे. नियम माझाच. एक्सेटरला तर हे ऐकूनच खटला फेकून देतील. पण जर्व्हिस, आधी कोण प्यालं?”

“तू.”

“डिगरी, आपल्यात आधी कोण पितो?”

“शिवी देणारा,” डिगरी म्हणाला.

“आणि मागून?”

“ज्याला दिली तो. मागून प्यालं की त्याने माफ केली.”

“मग झालं ते असं. मी जर्व्हिसला शिवी दिली, आणि त्याने पिऊन ती माफ केली. तुम्ही सगळे साक्षी.” ती जरा थांबली. “पण मी तर अजून काही बोललेच नाही.”

डिगरीला आधी समजलं. त्याच्या पोटातून हसू वर यायला लागलं.

“म्हणजे माझ्याकडे एक शिवी शिल्लक आहे,” मावशी म्हणाली. “माफ झालेली. ती मी कधीही देईन, आणि तुला रागवता यायचं नाही. तुझा शब्द मात्र आहे तिथेच आहे. त्याच्यावर तू अजून प्याला नाहीस.”

जर्व्हिस म्हणाला, “दे मग. आत्ता दे.”

“आत्ता काम आहे,” मावशी म्हणाली, आणि पुढच्या माणसाचं भांडं भरायला लागली.

ईस्टरच्या आधीचे उपासाचे आठवडे होते. मासे आणि वाटाणे खाऊन माणसं कंटाळलेली, आणि तशात गावाला हे मिळालं. जन्मात शिवी न दिलेली बाई कोणती शिवी देणार? तिने एवढी वर्षं ऐकलेल्या शिव्यांतली निवडून काढणार, की नवी घडवणार? माझं तर छपरावर लक्ष लागेना. वर बसून काड बांधतानाही तोच विचार.

जर्व्हिस येत राहिला, कारण न आला तर भ्याला म्हणतील. तो बसला की डिगरी सुरू करायचा.

“मी काही म्हणत नाही हं, जर्व्हिस. पण मला वाटतं ती मेंढ्यांबद्दल म्हणेल. कातरायच्या वेळी दुसऱ्याची खूण असलेली एक तुझ्या कळपात निघाली होती, ती.”

“ती चुकून आली होती.”

“अरे, मी कुठे काय म्हणतोय? ती म्हणेल, असं म्हणतोय.”

“मला नाही वाटत मेंढी,” अँब्रोझ म्हणायचा. “जर्व्हिस मालक चर्चमध्ये झोपतात आणि पाद्रीबाबांच्या आधी ‘आमेन’ म्हणतात, त्याबद्दल असेल.”

“छे. बापाच्या म्हातारपणी त्याला मागच्या खोलीत ठेवलं होतं, ते काढेल,” एक मेंढपाळ म्हणाला, आणि ते खरं होतं.

असं रोज चाललं. जर्व्हिसबद्दल जे जे कोणाच्या पोटात होतं ते सगळं बाहेर आलं, आणि शिवी एकानेही दिली नव्हती. तो चिडणार कोणावर? भांडं कोणापुढे धरणार? मध्येच मावशी तोंड उघडायची. सगळा गुत्ता श्वास धरून बसायचा. जर्व्हिसचे कान लाल व्हायचे.

“दार लावा कोणीतरी,” मावशी म्हणायची. “वारा येतोय.”

त्याच्या बसण्याची जागा बाकाच्या मधून टोकाला सरकली. आवाज लहान झाला. एकदा त्याने माझ्याकडे बिअरचं भांडं पुढे केलं आणि विचारलं, “तुला काय वाटतं रे, काय म्हणेल ती?” मी खरंच सांगितलं, मला माहीत नाही, आणि मला तुझ्याइतकीच घाई झालीय.

ईस्टर जवळ आला. ईस्टरच्या प्रभुभोजनाला ज्याचं शेजाऱ्याशी वैर आहे त्याने यायचं नाही, हे पाद्रीबाबा कडकपणे पाळत. त्यांनी जर्व्हिसला वाटेत गाठून तेवढंच विचारलं, कोणाशी वैर आहे का.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, दुपारी, तो गुत्त्यात आला. बरोबर विल्मट होती. बायका पुढच्या दाराने सहसा येत नसत. ती उंबऱ्याशीच थांबली. शालीआड हातात काहीतरी धरलेलं.

जर्व्हिस मधोमध उभा राहिला. “मी या बाईला चेटकीण म्हटलं,” तो म्हणाला. मोठ्या आवाजात म्हणाला, मागच्या बाकापर्यंत जाईल असं. “ते खोटं होतं. म्हणताना मला ठाऊक होतं की खोटं आहे.”

त्याने स्वतःच भांडं भरलं, प्याला, आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. मावशीने ते घेतलं. तिने आमच्या सगळ्यांकडे बघितलं, आणि ओठ नुसते भिजवले नाहीत, तळाशी काही उरलं नाही इथपर्यंत प्याली.

डिगरीने बाकावर मूठ आपटली. “मेला शब्द.”

पण जर्व्हिस हलला नाही. “आता तुझं दे, मावशी,” तो म्हणाला. “मला झोप नाही. काय ते एकदा बोलून टाक.”

“तुला काय वाटतं, मी काय म्हणेन?”

त्याने विल्मटकडे बघितलं नाही. चुलीकडे बघितलं. “यूच्या फांद्यांबद्दल,” तो म्हणाला.

चर्चच्या आवारात जुनं काळं यूचं झाड आहे. त्याचा पाला गुरांनी खाल्ला तर ती सकाळ बघत नाहीत. म्हणून तर तिथल्या भिंतीला फट पडू देत नाही कोणी. त्या हिवाळ्यात पाद्रीबाबांनी जर्व्हिसला ते झाड छाटायला सांगितलं होतं.

“गाडी भरून फांद्या होत्या,” जर्व्हिस म्हणाला. “अंधारून आलं, थंडी होती. म्हटलं सकाळी जाळू. गोठ्यापाशीच गाडी सोडली. तांबडीने दावं तोडलं असणार. सकाळी तिच्या तोंडात हिरवं होतं. ते मी काढलं, आणि फांद्या जाळल्या, विल्मट उठायच्या आत.” तो थांबला. “तुझं दार तिथून समोर दिसतं. तू पाहिलं असशील असं मला पहिल्या दिवसापासून वाटतंय.”

कोणी हसलं नाही. डिगरीसुद्धा नाही. विल्मट उंबऱ्यावर उभी होती तशीच उभी राहिली.

“मला काही माहीत नव्हतं,” मावशी म्हणाली. “माझ्या मनात वेगळंच होतं.”

“काय होतं?”

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, जशी ती भांडणाऱ्यांकडे बघायची, कोणतं पाखरू कशासाठी ओरडतंय ते ऐकत. मग तिने खुंटीवरून जोखड काढलं, ज्याच्या दोन टोकांना बादल्या लटकतात ते.

“उद्या सण आहे,” ती म्हणाली. “पिंपात पाणी नाही.”

“मावशी, पण काय होतं?” अँब्रोझने विचारलं. आम्हा सगळ्यांनाच विचारायचं होतं. मी आजही विचारतो, वरती छपरावर, एकटा असताना.

तिने जोखड खांद्यावर घेतलं आणि दाराकडे निघाली. विल्मटपाशी ती थांबली. विल्मटने शालीआडचा हात बाहेर काढला. हातात लाकडी वाडगं होतं, रिकामं, घासून स्वच्छ केलेलं.

“पहिल्या पिंपावर खमीर चांगलं आलंय,” मावशी तिला म्हणाली. “घे तुझ्या हाताने.”

आणि ती ओढ्याच्या वाटेला लागली. बादल्या दोन्ही बाजूंना हलत होत्या, उतारावर तिची पावलं छोटी पडत होती. जर्व्हिस चुलीपाशी पाठ करून उभा होता, त्याने तिला जाताना पाहिलं नाही. मी पाहिलं, डिगरीने आणि अँब्रोझने खिडकीतून पाहिलं. विल्मट वाडगं छातीशी धरून उंबऱ्यावरून बघत राहिली, मावशी ओढ्याकाठच्या झाडीत दिसेनाशी होईपर्यंत; मग ती आत वळली, आणि नवऱ्याच्या अंगावरून पुढे, पिंपाकडे गेली.